एकतीस फूट हिरवळ

रविवारी दुपारचा एक वाजत आला तरी बलकिसून मंडळी मुद्दा क्रमांक चारवरच अडकून पडली होती, आणि मुद्दे एकूण अकरा होते.

मुद्दे पाठवले होते पोर्ट ऑफ स्पेनच्या नियोजन कार्यालयाने. शॉपिंग सेंटरचा नकाशा तिसऱ्यांदा परत आला होता, या खेपेला लाल शेऱ्यांसकट. हरिलालच्या गॅलरीत जेवणाचं टेबल मोकळं करून तो पसरला होता आणि चार कोपऱ्यांवर मिरचीच्या सॉसच्या चार बाटल्या ठेवल्या होत्या. आत हरिलालची बायको सुमिन बदकाचं कालवण तिसऱ्यांदा गरम करत होती आणि दर खेपेला झाकण आधीपेक्षा जोरात आपटत होती.

पहिल्या तीन मुद्द्यांनी सगळी सकाळ खाल्ली. गाड्यांनी आत कुठून शिरायचं, बाहेर कुठून पडायचं, ते बाण काढून दाखवा. बाण काढले. हरिलाल म्हणाला, एवढे बाण बघून गिऱ्हाईक घाबरून पळून जाईल. मॅक्सी टॅक्सीला, म्हणजे भाड्याच्या मिनीबसला, वेगळा थांबा ठेवा. ठेवला. त्याचा धाकटा भाऊ बॉयसी म्हणाला, आपले मॅक्सीवाले थांब्यावर थांबले तर मी मिशी काढून देईन. पार्किंगमध्ये सावलीची झाडं लावा. इथे तर दीड तास गेला. आंबा लावला तर फळ काचेवर पडणार, नारळ लावला तर माणसाच्या डोक्यात पडणार, आणि पूईच्या झाडाच्या फुलांनी गाडीचा रंग जातो असं हरिलालला त्याच्या मेहुण्याने सांगितलं होतं. मेहुण्याकडे गाडीच नाही, हे सुमिनने आतून ओरडून सांगितलं, पण ऐकतो कोण!

जमीन तिघांची होती. त्यांच्या बापाला सगळे 'पा' म्हणत. पाने मेन रोडवरचा तो दोन एकरांचा तुकडा हरिलाल, दुलारी आणि बॉयसी या तिघांच्या नावे एकत्र ठेवला होता, त्यामुळे नकाशावर तिन्ही सह्या लागत. बॉयसी मंगळवारच्या विमानाने टोरांटोला परत चालला होता. म्हणून काय ते आजच.

"मुद्दा चार," रेश्मीने पुन्हा वाचायला घेतलं. ती हरिलालची मुलगी, इंजिनियर, आणि नकाशा तिच्याच हातचा. "'शहाण्णव गाड्यांची जागा लागते. ब्याऐंशी दाखवली आहे. चौदा कमी. मात्र मेन रोडच्या बाजूला एकतीस फूट रुंद हिरवळ दाखवली आहे. नियमाने दहा फूट पुरे. उरलेली जागा पार्किंगला का घेतली नाही, याचा खुलासा करावा.'"

"नाही घ्यायची," हरिलाल म्हणाला.

"पप्पा, हा खुलासा नाही झाला."

"मग लिही, मालकाला हिरवळ आवडते."

बॉयसीला हसूच आवरेना. पंचावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, नातवंडं असलेला माणूस, पण धाकटा म्हणून घरात तो बॉयसीच राहिला. "भाई, तुला? हिरवळ? दारातलं लिंबाचं झाड तू तोडलंस, पानं पडतात म्हणून! पाची जास्वंद उपटून तिथे सिमेंट ओतलंस!"

"वय झालं की आवडीनिवडी बदलतात."

"अरे, नुसते अठरा फूट घेतले त्यातले, तर चोवीस गाड्यांची अख्खी रांग बसते. मी रात्री मोजलं. चौदा कमी आहेत ना? चोवीस मिळतात! संपला विषय!"

"तू टोरांटोत बसून मोजतोस. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?"

"मी आत्ता इथे बसलोय, तुझ्यासमोर!"

"तीन आठवडे. तीन आठवडे बसलायस."

हे असं बारा वर्षं चाललेलं होतं. बॉयसी घर सोडून गेला तेव्हाच्या भांडणाचा उल्लेख कोणी करत नसे, पण ते भांडण दर वेळी एक खुर्ची ओढून मंडळींत बसायचंच.

टेबलाच्या टोकाला मिस्टर क्वामिना गप्प बसून होते. वाहतुकीची मोजणी करणारे म्हणून त्यांना फी देऊन बोलावलं होतं. सत्तरीला आलेला, पांढऱ्या दाढीचा, शांत माणूस. तीन सकाळी त्यांनी कोपऱ्यावर घडीची खुर्ची टाकून येणारीजाणारी गाडी अन् गाडी वहीत लिहिली होती. आता त्यांना फक्त जेवण हवं होतं. सकाळपासून बदकाचा वास सुटलेला आणि हे लोक हिरवळीवर भांडतायत.

"मिस्टर क्वामिना, तुम्हीच सांगा," रेश्मी काकुळतीला आली होती. "चोवीस गाड्या मिळत असताना आम्ही गवत का लावतोय?"

"मी गाड्या मोजतो, मुली. घरची माणसं मोजत नाही."

रेश्मीने पेन्सिल खाली ठेवली. पाच महिन्यांत तिने हा नकाशा सात वेळा काढला होता. दुकानं डावीकडची उजवीकडे गेली, तळलेल्या कोंबडीवाल्यांचं मोठं दुकान मागचं पुढे आलं, शौचालय चार ठिकाणी फिरून आलं. एकच गोष्ट पप्पांनी पहिल्या दिवशी सांगितली ती सातही वेळा हलली नव्हती. रस्त्यालगतच्या झंडीपासून आत मोज, आणि पुढच्या बाजूला एकतीस फूट हिरवळ ठेव. इंचभरही कमी नाही. तीस का नाही, असं तिने विचारलं होतं. तेव्हा पप्पा तिच्यावर इतके ओरडले होते की मम्मी पिठाच्या हाताने बाहेर आली होती.

"बरं, पुढे चला," हरिलाल म्हणाला. "पाच."

"पाच फुआबद्दल आहे." फुआ म्हणजे तिची आत्या, दुलारी.

दुलारी खुर्चीत जराशी पुढे सरकली. पहाटे तीनला उठून चणे शिजवायचे, पाचला कोपऱ्यावर छत्री उभी करायची, नऊला सगळं संपवून परत. रविवारी तर दुप्पट. तिच्या बोटांना अजून हळद आणि चिंचेचा वास होता आणि मघापासून तिला बसल्याबसल्या डुलकी येत होती. त्या बाणांत आणि रेघांत तिला काही कळत नव्हतं. तिला नकाशात एकच गोष्ट कळायची. पुढच्या हिरवळीत, रस्त्याला लागून, एक छोटा चौकोन होता आणि त्यात रेश्मीने 'दु' लिहिलं होतं. बारा बाय वीस फूट. वर पत्रा, आत नळ, विजेचं बटण. सत्तावीस वर्षं छत्रीखाली उभं राहून तिने डबल्स विकले होते, दोन मऊ 'बारा', म्हणजे तळलेल्या पुऱ्या, मध्ये चणे, वर विचारून मिरची. पाऊस आला की कागद भिजायचे, ऊन आलं की ती. नवरा गेल्यावर त्याच छत्रीच्या जिवावर मुलीला नर्स केलं. पाच महिन्यांपूर्वी तिने भावाला सांगितलं होतं, भाई, मला भाडं नको, दुकान नको, पुढच्या बाजूला माझी पक्की जागा दे, मी डोळे मिटून सही करते. भाईने स्वतः बोट ठेवून दाखवलं होतं, ही घे.

"'सकाळी सहा ते नऊ डबल्सच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या मेन रोडवर उभ्या राहतात. रांग त्रेचाळीस गाड्यांपर्यंत,'" रेश्मीने वाचलं. "'हा उपद्रव कसा टाळणार?'"

"उपद्रव!" दुलारीची झोप उडाली. "त्यांच्या कार्यालयातला तो चष्मेवाला दर शुक्रवारी माझ्याकडून सहा नेतो!"

"आठ," मिस्टर क्वामिना म्हणाले. "या शुक्रवारी आठ नेले. वहीत आहे."

"आणि रस्त्यावर का थांबतात? कारण आत थांबायला जागा नाही!"

आता आमच्या माणसांचं काय सांगावं! कार्निव्हलमध्ये दोन दिवस टळटळीत उन्हात पाय सुजेपर्यंत नाचत चालतील, पण डबल्स घ्यायला वीस पावलं चालायची म्हटली की गुडघे दुखतात. गाडीची काच खाली करायची आणि तिथूनच ओरडायचं, दुलारी, दोन, थोडी मिरची. मागचा भोंगा वाजवतो, त्याच्या मागचा शिवी देतो, आणि शिवी देणाराही दोनच डबल्स मागतो.

"ते होईल. आतून वळण देऊ," रेश्मी म्हणाली. "सहा. 'पुढच्या कोपऱ्यातले जुनाट बांबू आणि चिंध्या काढून टाकाव्यात.'"

सगळ्यांच्या माना नकाशावरून वर झाल्या. सुमिनसुद्धा डाव हातात घेऊन दारात आली.

"चिंध्या?" बॉयसी म्हणाला.

"चिंध्या म्हणाला?" हरिलाल म्हणाला.

"हनुमानजींच्या झंडीला?" दुलारी म्हणाली.

आणि सकाळपासून पहिल्यांदाच, कदाचित बारा वर्षांत पहिल्यांदाच, तिन्ही भावंडं एका बाजूला झाली. बॉयसीने त्या कार्यालयाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हरिलालने टेबलावर मूठ आपटली आणि मिरचीची एक बाटली आडवी झाली. पूजा झाली की बांबूला झंडी बांधून अंगणात रोवायची, ती कोणी उपटायची नसते. ऊनपावसात फाटेल, बांबू कुजेल, मग आपसूक पडेल. तोवर हात लावायचा नाही. एवढं लहान पोरालाही कळतं!

"शांत व्हा, मी उत्तर लिहून देतो," मिस्टर क्वामिना म्हणाले. "झंडी मला नवी नाही. माझं लहानपण पांचू पंडितांच्या शेजारी गेलं. धार्मिक स्थान आहे, हलवता येणार नाही, दोन ओळींत काम होईल." मग त्यांनी दाढी खाजवली. "पण एक विचारू का? तीन दिवस तिथे बसून होतो म्हणून डोळ्यांत आलं. सगळ्यांच्या अंगणात झंड्या एका कोपऱ्यात जुडीने असतात. तुमच्याकडे एकामागे एक, रांगेत का आहेत? आतल्या बाजूला कुजलेले बुंधे आणि रस्त्याकडे नवे बांबू?"

"ते सोडा हो," हरिलाल घाईने म्हणाला. "सुमिन, वाढ! सात नंबर जेवताना घेऊ."

"अगं बाई, ती पाची गंमत!" दुलारीचा चेहरा खुलला. सकाळपासून पहिल्यांदाच तिला सांगण्यासारखं काहीतरी मिळालं होतं. "पा काय करायचा, दर वर्षी नवी झंडी आदल्या वर्षीपेक्षा एक पाऊल पुढे रोवायचा. मी नऊ वर्षांची असल्यापासून बांबू मीच धरायची. तो खड्डा खणायचा, मी धरून उभी. लग्न झाल्यावरही त्या दिवशी मी यायचीच. मी विचारायची, पा, दर वर्षी पुढे का? तर म्हणायचा, हनुमानजींना आत कंटाळा येतो, त्यांना बसगाड्या बघू दे!"

बॉयसी हसला. सुमिन हसली. मिस्टर क्वामिनाही हसले, पण हसताहसता त्यांचा हात खिशातल्या वहीकडे गेला.

"आणि मग कुंपण?"

"कुंपण मागाहून. झंडी पुढे गेली की चारसहा महिन्यांनी कुंपण तिच्या मागोमाग. देव बाहेर आणि आपण आत, असं बरं दिसतं का, म्हणायचा."

"किती वर्षं चाललं हे?"

"पाचे पाय थकले तोवर, पुढे भाई तिथल्या तिथेच रोवतो. मी नऊची होते तेव्हापासून..." तिने बोटं मोजली. "चाळीसची झाले तोवर. एकतीस. एकतीस वर्षं. आणि पाचं पाऊल म्हणजे, देवाशपथ सांगते, बरोबर एक फूट. त्याला बारा नंबरच्या खालचा जोडा कधी झालाच नाही."

रेश्मीने नकाशाकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. हरिलाल मिरचीची आडवी बाटली उभी करत होता आणि ती उभी होऊनही तिचं बूड टेबलावर दाबत होता.

"पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही मला झंडीपासून मोजायला का सांगितलंत?"

"सगळे तिथूनच मोजतात! पाची जमीन झंडीपर्यंत, हे गावातलं कुत्रंसुद्धा सांगेल!"

ते खरं होतं, हेच तर दुखणं होतं. त्या हद्दीवर गावात कोणाला शंका नव्हती. पंडिताने मंत्र म्हणून जे रोवलं, ते मोजणीदाराच्या खुंट्यापेक्षा पक्कं. रेश्मी शिकलीसवरलेली, पण तीही याच अंगणात खेळून मोठी झाली होती. तिने झंडीला फीत लावली आणि मागे मोजत गेली. खुंटा शोधावा असं तिच्या मनातही आलं नाही.

मिस्टर क्वामिना उठले. "कोयता आहे का?"

जमीन घराला लागूनच होती. ऊन डोक्यावर होतं, सगळे त्यांच्या मागून गुडघाभर गवतातून निघाले, रेश्मी नकाशासकट, सुमिन डावासकट. शेजारच्या पेट्रोल पंपाची भिंत जिथे संपत होती, तिथून मिस्टर क्वामिनांनी एक डोळा मिटून रेष धरली, पाच पावलं टाकली आणि एका जुन्या बुंध्याशी कोयत्याचं टोक खुपसलं. तिसऱ्या घावाला लोखंड वाजलं.

"हा तुमचा खुंटा. इथून पुढचं सगळं सरकारी, रस्त्याच्या राखीव पट्टीतलं." त्यांनी मान वर केली. पुढे, एकतीस फुटांवर, लाल झंड्या फडफडत होत्या.

तीन आठवड्यांची रजा, विमानाचं तिकीट, बायकोची बोलणी, आणि शेवटी हे! बॉयसीने रेश्मीच्या हातातला नकाशा ओढून घेतला, गवतातच उकिडवा बसला आणि बोटाने रेष मारत गेला. दुकानं, खुंट्याच्या आत. कोंबडीवाले, आत. ब्याऐंशी गाड्या, आत. आत जायचा रस्ता तर बाजूच्या गल्लीतून, तोही आत.

"अरे वाचलो!" तो ओरडला. "काहीच जात नाही! भाई, काय नशीब आहे बघ आपलं! सरकारी पट्टीत आपलं काही म्हणजे काही नाही. गवत, सात ताडाची झाडं, आणि..."

तो थांबला. त्याचं बोट चौकोनावर होतं.

"आणि मी," दुलारी म्हणाली.

रेश्मीने काकाच्या हातातून नकाशा परत घेतला.

"नशीब नाहीये हे, बॉयसी काका," रेश्मी म्हणाली. "एकतीस फूट पप्पांनी सांगितले होते. पहिल्या दिवशी. इंचभर कमी नाही."

दुलारी भावासमोर जाऊन उभी राहिली. "भाई, तुला ठाऊक होतं?"

हार्डवेअरच्या दुकानात दिवसभर ओरडणारा हरिलाल वाकून पायात अडकलेलं गवत काढायला लागला. त्याला ठाऊक होतं. पा गेल्यावर त्याच्या पत्र्याच्या पेटीत जुना मोजणीचा कागद सापडला होता, आठ वर्षांपूर्वी. तेव्हा त्याला बापाची लाज वाटली होती आणि हसूही आलं होतं, आणि तो कागद त्याने कोणाला दाखवला नव्हता. मग कोंबडीवाले आले. परदेशी कंपनी, सगळ्यात मोठं भाडं, आणि करारात अट: आवारात दुसरं कोणी शिजवलेलं खाणं विकायचं नाही. इकडे दुलारी सहीसाठी जागा मागत होती. त्याला वाटलं होतं, झंडीजवळची जागा मुळात सरकारी, म्हणजे आवारात नाहीच. सापही मरेल, काठीही मोडणार नाही. तेव्हा आपण किती हुशार, असंच वाटलं होतं त्याला.

"पन्नास वर्षांत कोणी विचारलं का?" तो शेवटी म्हणाला. "आणखी पन्नास वर्षं कोण विचारतंय? तू सत्तावीस वर्षं तिथेच तर उभी आहेस!"

"रस्ता रुंद होतोय," मिस्टर क्वामिना हळूच म्हणाले. "कागद निघालेत. दोन वर्षांत यंत्रं येतील."

"हेही ठाऊक होतं?" दुलारीने विचारलं.

"कानावर आलं होतं. पण इथे कुठलं काम वेळेवर होतं, दुलारी? दोनाची दहा वर्षं..."

"तोंडाला पानं पुसलीस माझ्या." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सुमिनला वाटलं. "माझ्या हातून बांबू धरवून घेऊन पाने सरकारची जमीन घेतली, मला कळलंसुद्धा नाही. तू माझ्या हातून सही करून घेऊन माझीच घेतोस. पाने निदान घरात भर घातली रे."

"मी तुझ्यासाठी काही केलंच नाही का? मुलीच्या नर्सिंगला..."

"ते काढू नकोस. आज ते काढू नकोस, भाई."

"घरी चला," सुमिन म्हणाली. तिने नवऱ्याकडे बघितलं नाही. "उन्हात उभं राहून कोणाचं भलं झालंय."

सगळे परत गॅलरीत आले. दुलारीने घरी जायला पिशवी उचलली नाही, हे बघून हरिलालला जरा धीर आला. तो खुर्चीत टेकतो न टेकतो तोच ती म्हणाली, "रेश्मी, तो चौकोन पूस. आणि खुंट्याच्या आत काढ. रस्त्यावरून दिसेल असा. बारा बाय वीस."

"फुआ, आत घेतला तर तीन गाड्यांच्या जागा जातील."

"जाऊ देत."

"काढू नकोस," हरिलाल म्हणाला. "रेश्मी, ऐकतेस का? कोंबडीवाले निघून जातील! आवारात दुसरं खाणं चालणार नाही, लेखी आहे!"

रेश्मीने रबर घेतलं. सात वेळा काढलेला नकाशा ती आठव्यांदा खोडायला लागली, आणि या वेळी बापाला विचारल्याशिवाय.

"बॉयसी! अरे तू तरी सांग!" हरिलालने भावाकडे तोंड वळवलं. "भाडं तुलाही मिळणार आहे ना? तुझंही नुकसान आहे!"

भाडं बॉयसीला हवं होतं, खोटं कशाला बोलावं. टोरांटोतल्या घराचे हप्ते त्याला रात्री झोपू देत नव्हते. पण बारा वर्षांपूर्वी तो घर सोडून गेला तेव्हा विमानतळावर फक्त दुलारी आली होती, कागदात बांधलेले चार डबल्स घेऊन, आणि ते त्याने विमानात रडत खाल्ले होते.

"मिस्टर क्वामिना," तो म्हणाला, "कोंबडीवाले नसले तर पार्किंग किती लागेल?"

"त्यांच्यासाठी वीस गाड्या जास्त धराव्या लागतात." मिस्टर क्वामिनांनी वहीत आकडा मांडायचीही तसदी घेतली नाही. "ते नसतील तर शहात्तर. तीन गेल्यावर तुमच्याकडे एकोणऐंशी उरतात. मुद्दा चार निकालात."

"पाच महिने!" रेश्मी हसली का रडली, कळलं नाही. "पाच महिने मी चौदा गाड्या शोधतेय!"

"आण तो पेन," बॉयसी म्हणाला. त्याने नव्या चौकोनाखाली पहिली सही केली, तीही मोठी, लफ्फेदार. "आता तू, भाई."

हरिलालने पेन घेतला. कोंबडीवाल्यांच्या माणसाला तो काय सांगणार होता, कोण जाणे. गावभर त्याने बढाई मारून ठेवली होती, मेन रोडवर पहिलं मोठं दुकान आपल्याकडे येतंय म्हणून. त्याला बहिणीचा राग आला, मुलीचा आला, मेलेल्या बापाचा आला. पण टेबलाभोवती एकही चेहरा त्याच्या बाजूचा उरला नव्हता, आणि दारात सुमिन डाव घेऊन उभी होती. त्याने सही केली. अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं.

"घे," त्याने कागद बहिणीकडे सरकवला. "झालं मनासारखं? कर सही."

दुलारीने पेन घेतला, पण कागदावर ठेवला नाही. तिने तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला धरला.

"मिस्टर क्वामिना, तुम्ही आधी करा. साक्षीदार म्हणून. चौकोन खुंट्याच्या आत आहे, तुम्ही डोळ्यांनी बघितलाय, असं लिहा आणि खाली तारीख घाला."

"मी?" मिस्टर क्वामिना संकोचले. "मी परका माणूस, बाई. हा तुमच्या घरातला..."

"म्हणूनच."

"दुलारी!" हरिलाल उभाच राहिला. "भावाबहिणीच्या कागदावर साक्षीदार? माझ्या शब्दावर विश्वास नाही तुझा?"

"सकाळपर्यंत होता," ती म्हणाली.

गॅलरीत वारा आला. मिस्टर क्वामिनांनी चष्मा लावला आणि लिहायला सुरुवात केली, सावकाश, एकेक अक्षर. कागद फडफडायला लागला, आणि परत आल्यावर त्यांच्याजवळच्या कोपऱ्यावर बाटली ठेवायची राहूनच गेली होती. एका हाताने कागद धरून दुसऱ्याने लिहिणं त्यांना जमेना. बॉयसी हलला नाही, रेश्मी हलली नाही. शेवटी हरिलालच वाकला आणि त्यांचं लिहून होईपर्यंत दोन्ही हातांनी तो कोपरा दाबून उभा राहिला.